हिरावहिनीच्या घराची हरकत

तीन म्हातारे ओट्यावर बसले की नुसत्या गप्पा होतात. तेच तिघं घरपट्टीविरुद्ध अर्ज करायला निघाले की किस्से होतात! आमचे वर्षभरात इतके झाले, की ओट्यावर नवा माणूस दिसला की आमच्यातला जोमा मला कोपरानं ढोसतो, "सांग ना ते!" मी हळू बोलतो. माझं सांगून होईपर्यंत दोनदा चहा होतो. म्हणून या वेळी लिहूनच काढलं.

आमचं गाव नवी मुंबईतलं, खाडीच्या अंगाचं. चारी बाजूंनी टॉवर आणि मधे आमची घरं. गेल्या वर्षी घरपट्टी वाढणार म्हणून घरोघर पालिकेच्या नोटिसा आल्या. सगळ्यांत वाईट नोटीस माझ्या हिरावहिनीची. थोरल्या भावाची ही बायको. भाऊ गेल्यापासून कोपरखैरण्याच्या बाजारात मासळी विकते. मोजणीवाला आला तेव्हा तिच्या दारात टोपली होती आणि शेजारीण उरलेले बोंबील घेऊन निघाली होती. त्यानं कागदावर लिहिलं, 'दुकान'.

दुकानाचा दर घराच्या कितीतरी वर. वहिनी म्हणाली, "भावजी, एवढं कुठून भरू? घर देते कोनाला तरी, आनि जाते नेरूळला लेकीकडं."

माझी आई लवकर गेली. मला या वहिनीनं भरवलंय. त्या दिवशी मला घास गेला नाही.

*

हरकत नोंदवायला दोनच दिवस उरले होते. ओट्यावरचे आमचे गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी वहिनीसाठी अर्ज लिहिला. इतका छान, की ऐकताना जोमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो अर्ज घेऊन जोमा झेरॉक्सवाल्याकडे गेला आणि म्हणाला, "हाच टाइप कर. चाळीस घरांसाठी. फक्त नावं बदल, बाकी सगळं सेम!"

जोमाचा चष्मा घरी राहिला होता.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात क्लार्क मॅडमनी जोमाचा अर्ज मोठ्यानं वाचला. "मी एक निराधार विधवा असून..." मॅडम थांबल्या. जोमाच्या मिशांकडे बघितलं. "काका, तुमचे मिस्टर कधी वारले?"

मागे लायनीत जोमाची बायको गंगाबाय उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, मिस्टर कोन ते मना म्हाईत नाय. पन हे घरी आले की तारीख सांगते!"

एकोणचाळीस अर्ज पुन्हा लिहायला लागले. गुरुजी तिथल्याच बाकावर बसून संध्याकाळपर्यंत लिहीत होते. जोमा फक्त चहा आणत होता. दुसरं काही करायला त्याला मनाई होती!

*

पैसा कमी पडतो म्हणून कर वाढवायचा, असं नोटिशीत लिहिलं होतं. त्याच महिन्यात खाडीच्या रस्त्यावर लोखंडाचे फ्लेमिंगो उभे राहिले. पोटात गुलाबी दिवे. पलीकडे चिखलात खरे फ्लेमिंगो चरत होते.

वहिनी डोक्यावर टोपली घेऊन थांबली. "गुरुजी, हे कितीला आनले?"

"आकडा नाही कळला. पण लाखांच्या खाली नसणार."

"आनि ते पलीकडचे?"

"ते फुकट येतात."

वहिनीनं टोपली सावरली आणि हळूच म्हणाली, "त्यांना नका सांगू हां. ते पन पैसे मागतील!"

*

नंतर पालिकेनं आमच्या ओट्यासमोरचा चांगला फुटपाथ खोदायला घेतला. तिसऱ्यांदा! जोमानं प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मधोमध ठाण मांडलं. "मी उठनार नाय. माझ्या घरपट्टीचा हाय फुटपाथ!"

मुकादम मोठा शांत माणूस. त्यानं जोमाला नमस्कार केला आणि खुर्चीच्या चारी बाजूंनी खोदून घेतलं. दुपारपर्यंत जोमा खड्ड्यांच्या मधे बेटासारखा. उतरायला आम्ही दोघांनी हात दिला.

मुकादमानं तो चौकोन तसाच ठेवला, भोवती नवे ब्लॉक बसवले. पहिल्या पावसात नवे सगळे खचले. जोमाचा चौकोन टणक! आता पाणी साचलं की लोक त्यावर उभे राहून रिक्षाला हात करतात.

*

हरकतींच्या सुनावणीला वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांसमोर प्रत्येकाला दोन मिनिटं. जोमा म्हणाला, "बोलायला याला उभा करा. हा ओरडत नाय." मी उभा राहिलो. माझं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव, घर नंबर सांगितला. साहेबांनी घड्याळ बघितलं. "काका, वेळ संपला."

मी म्हणालो, "बरं साहेब. ही झाली ओळख. आता म्हणणं सांगू?"

सगळे हसले. साहेबही हसले. "सांगा."

"साहेब, वहिनीचं घर होतं तेवढंच आहे. दोन खोल्या. त्याचं दुकान कधी झालं, हे तिलाही ठाऊक नाही. तुम्ही एकदा येऊन बघा."

साहेबांनी डायरीत काहीतरी टिपलं. "मी स्वतः येतो," म्हणाले.

*

गणपतीच्या आधी बातमी आली, दरवाढ थांबवली! ओट्यावर पेढे वाटले. गुरुजींनी मला मिठी मारली, जी त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला मारली नसेल. एकटा जोमा उदास. त्यानं मोर्चासाठी दहा फुटी बॅनर छापून घेतला होता, 'दरवाढ मागे घ्या!'

"अरे, घेतली ना मागे!" गुरुजी म्हणाले.

"घेतली तर घेतली." जोमानं बॅनरची नीट गुंडाळी केली. "माळ्यावर ठेवतो. परत आनतीलच!"

पण वहिनीच्या कागदावर 'दुकान' तसंच होतं.

*

आणि एका दुपारी साहेब खरंच आले. ऐन जेवायच्या वेळी. आम्ही तिघं त्यांच्या मागोमाग वहिनीच्या घरात.

त्यांनी दोन्ही खोल्या बघितल्या. दारातली टोपली बघितली. "मासळी इथे विकता?"

"बाजारात विकते, साहेब. उरली तर शेजारनीला देते. ती मना कधी तांदूळ देते, कधी नाय देत."

चुलीवर जवळ्याचं कालवण शिजत होतं, तव्यावर तांदळाची भाकरी फुगली होती. वहिनी म्हणाली, "या वेळंला आलेला मानूस आमच्यात उपाशी जात नाय. बसा."

साहेब नको नको म्हणत बसले. तीन भाकऱ्या खाल्ल्या. ताट चाटूनपुसून लख्ख. हात धुतले, रुमालाला पुसले, आणि मागच्या खिशातून पाकीट काढलं.

शंभरची नोट बाहेर आली. वहिनीनं ती घेतली की घराचं दुकान झालंच! गुरुजींनी डोळे मिटले. जोमा दारात उभा होता, त्यानं नुसती चौकट धरली.

वहिनी नोटेकडे बघत होती. मग साहेबांकडे बघितलं.

"बाबा, तुझी आई जेवायला वाढते, तवा तिला पन देतोस काय?"

साहेबांनी नोट परत पाकिटात ठेवली. बॅगेतून कागद काढला, 'दुकान' खोडून वर 'राहते घर' लिहिलं, सही केली. पेनाचं टोपण लावलं. मग खाली बघत हळू आवाजात म्हणाले,

"मावशी, अजून एक भाकरी आहे?"