डावीकडे ओढणारी गाडी

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवतो. पत्नी मात्र पन्नाशीत गाडी शिकली ती गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये. निफाडला आईकडे एकटीने गाडी घेऊन जायचे, एवढीच तिची इच्छा होती. आमची गाडी तिच्या हाती सतत डावीकडे जाई. "आई, आजीच्या आधी द्राक्षबागेत पोचशील," असे मुलाने चिडवल्यावर तिने किल्ली टेबलावर ठेवली.

"माझ्या हातातच दोष आहे. राहू दे."

ती ओढ मलाही लागत असणार. पण सवयीने मी स्टिअरिंग नकळत उजवीकडे धरत होतो. अशा वेळी तपासणीचा क्रम ठरलेला असतो. आधी टायरमधली हवा पाहिली. ती बरोबर होती. मग पुढची चाके जॅकवर उचलून, वर आणि खाली धरून हलवली. डावे चाक खुळखुळले. त्याचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळते तो सांधा, झिजला होता. तो तसाच ठेवून केलेले चाकांचे अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून आधी जॉइंट बदलला आणि मग अलाइनमेंट करून घेतले.

दोष गाडीतच होता हे कळल्यावर रविवारी तिने किल्ली उचलली. मी शेजारच्या सीटकडे वळलो, तर ती म्हणाली, "अहो, तुम्ही घरीच थांबा. वाटभर शिकवत बसाल."

दुपारी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, पोरगी लय झकास आली हो! पण आता मलाबी गाडीत घालून सटाण्याला मावशीकडं न्यायचं म्हणती."