दार लावणारा

पलूसचा तो संगणकवाला घरात शिरला की मागं कडी घालायचाच. मी पाणी आणायला आत गेलो तरी तो मधलं दार लावायचा. मला राग यायचा.

सांगलीत इंटरनेट नुकतंच आलेलं; कामासाठी मी घरातच दोन-तीन संगणक मांडलेले. माझा विकतचा राउटर काढून त्यानं जुन्या सुट्या भागांचा पहारेकरी सर्व्हर जोडला. "न विचारता कुणी आत-बाहेर करू लागलं की लाल दिवा लागतोय बगा."

खंडेनवमीला पूजेसाठी मी सगळे संगणक बंद केले, फोनची वायरही काढली. "पहाऱ्याला सुट्टी न्हाई," म्हणत त्यानं सर्व्हर तेवढा चालू ठेवला. मी कुंकू लावत होतो, तोच लाल दिवा लुकलुकायला लागला.

"वायर काढलीय, मग बाहेरून कोण येतंय?"

"आवं, बाहेरनं न्हाई," तो हळूच म्हणाला. "आतनं कुणीतरी बाहेर पडाया बघतंय."

घरात आम्ही दोघंच होतो. तो उठला आणि पहिल्यांदाच माझं दार सताड उघडं ठेवून गेला.