न बोलावलेले गैरहजर

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत बस स्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान होतं. दोन हजार चारच्या सुमारास मी कॉम्प्युटर घेतला आणि मेल मर्ज शिकले. एक्सेलमध्ये नावांची यादी, वर्डमध्ये एकच पत्र. दोन्ही जोडलं की प्रत्येकाच्या नावाचं वेगळं पत्र निघायचं. मोहफुलं, डिंक गोळा करणाऱ्यांची एक सहकारी संस्था होती. तिच्या वार्षिक सभेची पत्रं माझ्याकडेच छापली जात.

पहिल्या सभेनंतर संस्थेच्या सचिवांनी हजेरीचं रजिस्टर आणून दिलं. आले त्यांच्यापुढे एक लिहा, नाही आले त्यांच्यापुढे शून्य, आणि पुढच्या सभेचं पत्र फक्त एकवाल्यांना काढा, असं सांगितलं. न येणाऱ्यांवर पोस्टाची तिकिटं कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं. मला पटलं. फिल्टर लावला की शून्यवाले यादीतून नाहीसे होत. मला तर त्याचं कौतुकच वाटायचं.

तिसऱ्या सभेनंतर सचिव वेगळाच मजकूर घेऊन आले. सलग तीन सभांना गैरहजर, म्हणून सभासदत्व रद्द. या वेळी फिल्टर उलटा लावायचा होता. तोही मी लावला.

आठवड्याभरात चिचगडकडची एक बाई ते पत्र घेऊन दुकानात आली. तिला उत्तराचा अर्ज टाइप करून हवा होता. पत्र माझ्याच दुकानातलं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या सभेला लेकीच्या बाळंतपणामुळे जाता आलं नाही, म्हणाली. त्यानंतर बोलावणंच नाही.

"मीटिंगची चिठ्ठी नाही आली, बाई. नाव काटल्याची बराबर घरी आली. काऊन?"

मी जुन्या फाइली उघडल्या. एकदा शून्य पडलं म्हणून पत्र गेलं नाही. पत्र नाही म्हणून ती आली नाही. आली नाही म्हणून पुन्हा शून्य. अशी शेकड्यानं नावं होती, बहुतेक जंगलातल्या दूरच्या गावांची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. राग सचिवांवर होता, आणि त्याहून जास्त स्वतःवर. तिला सांगितलं, हे पत्र मीच काढलंय.

तिनं पत्र माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "मंग आता अर्ज बी तूच लिव."

आधी मी सचिवांकडे गेले. त्यांनी मान वर न करताच ऐकवलं, "मॅडम, आप टायपिंग करो. नियम हम देखेंगे." नियम! न बोलावता गैरहजर ठरवायचा नियम कुठल्या पुस्तकात असतो?

दुकानात येऊन तिचा अर्ज लिहिला. सोबत कुठल्या सभेला कुणाला पत्रं गेली त्या याद्या छापून जोडल्या. ती गावातल्या चारपाच बायांना घेऊन गोंदियाला सहकार खात्यात गेली. तीन खेपा झाल्या, तेव्हा कुठे रद्द केलेली नावं परत घ्यायचा आणि तसं प्रत्येकाला कळवायचा आदेश निघाला.

सभासदांना कळवायचं ते पत्रही सचिव माझ्याकडेच घेऊन आले. मजकुरात लिहिलं होतं, 'संगणकाच्या चुकीमुळे'. मी कागद परत केला. कॉम्प्युटरला जे सांगितलं तेच त्यानं केलं. सांगणारे तुम्ही आणि ऐकणारी मी, एवढं लिहून आणा, म्हटलं.

त्यांनी दुसऱ्या दुकानातून पत्रं छापून घेतली, त्याच वाक्यासकट. संस्थेचं काम माझ्याकडे पुन्हा आलं नाही. सचिव मात्र पुढेही बरीच वर्षं सचिवच राहिले.