तात्यांच्या मेडिकलमधली खुर्ची

नवरा भोसरीत, मी बिदरला आणि संसार व्हिडिओ कॉलवर. शेवटी संदीप म्हणाला, "इकडं पावलोपावली मेडिकल आहेत. दोन दिवस ये, बघ तरी." मी फार्मासिस्ट. काउंटरवर उभं राहायचं काम मिळालं तर जायचं, एवढाच हिशेब. नुसती भाजी चिरायला मी डिप्लोमा केलेला नाही.

ट्रॅव्हल्सने सकाळी नाशिक फाट्यावर उतरले. (सीट निवडताना एसीच्या तोंडाखालची टाळा.) संदीपने खोलीवरच्या जोडीदाराला दोन दिवस गावी पिटाळलं होतं. अंघोळ, कोपऱ्यावरचे गरम पोहे, मग पिंपरीत रिक्षा बदलून काळेवाडी.

तिथल्या मेडिकलवाल्यांनी माझं सर्टिफिकेट पाहून चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, ही तर कर्नाटकची नोंदणी!"

"पण मी उदगीरची आहे."

"तुम्ही असाल हो. सर्टिफिकेट नाहीये ना."

हसूही आलं आणि रागही. कॉलेज बिदरला, म्हणून नोंदणी तिथली. आता माझ्याच राज्यात मी बाहेरची! तेव्हा राज्य बदलणाऱ्यांनो, जुन्या राज्याच्या फार्मसी कौन्सिलचं ना-हरकत पत्र आणि नव्या राज्यातली नोंदणी आधी, सामान नंतर. पगार म्हणाल तर बिदरपेक्षा इथे आकडा मोठा, पण खोलीभाडं वजा केलं की जवळपास तेवढाच उरतो. हैदराबादच्या हॉस्पिटलात असलेली माझी मैत्रीण आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमावते आणि ते न चुकता सांगते.

दुसऱ्या दिवशी चाकण, तात्यांच्या मेडिकलमध्ये. मोशीच्या पुढे बस अशी अडकली की मागचा एकजण म्हणाला, "राव, इथंच पंचिंग मशीन बसवा, शिफ्ट बसमध्येच करतो." सगळी बस हसली, ड्रायव्हर सोडून.

तात्या म्हणजे संदीपच्या मित्राचे काका. जमीन नव्या रस्त्यालगत आली, तिथे त्यांनी मेडिकल टाकलं. चहा आला. भिंतीवर एका मुलीचं सर्टिफिकेट फोटोसकट लावलेलं. खाली तिची खुर्ची, त्यावर सलाइनच्या खोक्यांची चळत.

"या कुठे असतात?"

"ती व्हय? नांदेडला. आमी अजून तोंडसुदिक बघितलं न्हाई. आता ती सोडतीय. लायसनला फार्मासिस्टचं नाव लागतंय, तुमची नोंदणी इकडं आली की तुमचं लावू. बसायची गरजच न्हाई ताई, पैसं घरपोच."

काळेवाडीत सांगितलेल्या पगाराच्या निम्मे पैसे आणि काम शून्य. संदीपचा चेहरा खुलला. खरं सांगायचं तर क्षणभर माझाही.

तेवढ्यात एक बाई बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्या. एक चिठ्ठी गावातल्या डॉक्टरांची, दुसरी कंपनीच्या दवाखान्यातली. तात्यांनी दोन्ही पाकिटं काढून ठेवली. माझी नजर गेली आणि राहवलं नाही. "मावशी, चक्कर येते का?"

"येती की. उठलं की गरगरतंय."

दोन्ही पाकिटांत औषध एकच, नावं निराळी. त्या दुप्पट घेत होत्या. दोन्ही पाकिटं घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, असं सांगून पाठवलं.

मी म्हटलं, "तात्या, माझं नाव लावणार असाल तर मलाही ठेवावं लागेल. पूर्ण पगार आणि ती खुर्ची."

"बघू," तात्या म्हणाले. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे.

परतीच्या बसमध्ये संदीप खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हो म्हणाली असतीस तर लवकर आली असतीस." वाईट वाटलं, कारण त्याचं खोटं नव्हतं. पण त्या मावशींसारखं कुणी येणार, भिंतीवर माझा फोटो असणार आणि मी घरी. ते जमलं नसतं.

बिदरला आल्यावर नोंदणी बदलीचा अर्ज मात्र टाकला. काही दिवसांनी, मी काउंटरवर असतानाच तात्यांचा फोन.

"ताई, ती बाई आली व्हती. डाक्टरनं एक गोळी बंद केली, गरगरणं थांबलं. 'त्या ताई कुठं हायेत' म्हून इचारत व्हती." मग म्हणाले, "खुर्चीवरची खोकी हलवलीत. पूर्ण पगार, व्हय. कागद कवा येत्यात?"

गिऱ्हाईक थांबलं होतं, तरी आधी संदीपला फोन लावला. म्हटलं, "दोघांची खोली बघ. चाकणच्या बाजूला."