मडावी गुरुजींची डिस्क

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. जमेल का?

चंद्रपुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा ते नवीन होतं, लग्न व्हायचं होतं, आणि मला एकच वेड होतं — माझा गेमिंगचा कॉम्प्युटर. गेमिंगचा म्हणायचं आपलं! जुना, सेकंडहँड. पैसे जमतील तसा मी तो वाढवत होतो. आधी रॅम. मग नागपूरहून कोणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड; त्याचा एक पंखा खडखडायचा. तरीही गेम सुरू व्हायला इतका वेळ लागायचा की मित्र ऑनलाइन पुढे निघून जायचे. सगळं दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं. एक एसएसडी — नव्या धर्तीची वेगवान डिस्क — बसवली की झालं, हे मला ठाऊक होतं. पण कार्डानेच खिसा रिकामा केला होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही — कसं होतं, एवढंच सांगतो.

त्याच दिवसांत मडावी गुरुजी आले. भामरागडकडच्या एका गावातले शाळामास्तर. सीपीयू चादरीत गुंडाळून, बसमध्ये मांडीवर धरून आणलेला. सुरूच होत नव्हता. त्यांची बायको त्या पावसाळ्यात गेली होती — पुलावरून पाणी, रस्ता बंद, दवाखान्यापर्यंत पोचताच आलं नाही. ती अंगणवाडीत लेकरांना गोंडीतून गोष्टी सांगायची. फोन भरला म्हणून गुरुजींनी तिची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकली होती. फोन पुढे बिघडला.

"मशीन गेली तं जाऊ दे भाऊ," ते म्हणाले. "तिचा आवाज तेवढा काहाडून दे. पोरगी लहान हाय. तिले आठवणार नाई."

दोन दिवसांनी या, म्हटलं.

मशीनला फारसं काही झालंच नव्हतं. वीज वरखाली होऊन पॉवर सप्लाय जळला होता, बस. आत एसएसडी होती — पुण्यात शिकणाऱ्या भाच्याने बसवून दिलेली, मला हवी होती तशीच. डिस्क जळली म्हणून सांगायचं आणि ही ठेवून घ्यायची, हे मी तिथेच ठरवलं. ती माझ्या मशीनला लावली. चालली. फोल्डरही सापडलं. मी एक रेकॉर्डिंग — हो, ऐकलं. गोंडी मला कळत नाही. मधेच कोंबडी आली असावी; तिने ती हुसकावली, स्वतःच हसली, आणि गोष्ट परत पहिल्यापासून सुरू केली.

तेव्हा तरी थांबायला नको होतं का?

रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घेऊन देता आली असती. तो विचार आला होता. पण मग गुरुजी विचारतील — आवाज निघाला, तर डिस्क मेली कशी? खोटं नीट बसत नव्हतं. म्हणून, केवळ खोटं नीट बसावं म्हणून, मी ती डिस्क फॉरमॅट केली, सगळं पुसून टाकलं. दिवसाढवळ्या. दुकान उघडं होतं, समोर रस्त्यावर ऑटोवाले हाका मारत होते.

गुरुजी आले तेव्हा मी त्यांच्या हातात दुसऱ्या कोणाची तरी मेलेली डिस्क ठेवली. "जळली, गुरुजी. लय कोशिश केली. काहीच नाई निघालं."

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "म्हणजे ती ह्याच्यात हाय — पण निघत नाई?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी ती रुमालात बांधली, खिशात ठेवली. मला म्हणाले, तुमचा लय वेळ घेतला.

त्या दिवसापासून गेम झटकन सुरू व्हायला लागला. खेळणं सोडलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. सोडलं नाही. दोन वर्षं खेळलो. फक्त हेडफोन लावले की पहिला आवाज येण्याआधी जी क्षणभर शांतता असते ना — तिच्यात ती बाई हसायची. पुढे मी डिस्क काढून रिकव्हरीची सॉफ्टवेअर लावून पाहिली. त्या एसएसडीवरून पुसलेलं परत येणार नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी लावली. काही नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात गुरुजी परत आले. केस पिकलेले. सोबत मुलगी, आता दहावीत जाणारी. तिच्यासाठी जुना लॅपटॉप पाहायचा होता. "दुसऱ्याकडं काऊन जावं?" ते म्हणाले. "तुमच्यावर भरोसा हाय." मग मुलीकडे वळले. घरी ते गोंडीच बोलतात, मला कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "हाच तो भाऊ. तुह्या मायच्या आवाजासाठी यानं लय मेहनत केली होती."

पाठीवरची पिशवी सावरून मुलगी वाकली, आणि तिचे हात माझ्या पायांना लागले.

मी पाय मागे घेतले नाहीत.