डॉल्फिनचं दूध आणि आपला फवारणीचा पंप

मंडळी, नारायणगावच्या सायबर कॅफेतून लिहितोय, कारण सकाळची गोष्ट पोटात राहत नाहीये.

शेजारचे दगडूभाऊ टोमॅटोवर औषध मारून आले आणि पंप धुवायला कुकडी नदीकडे निघाले. मी त्यांना गोठ्यापाशीच अडवलं. "हे पाणी घोड, भीमा, कृष्णा करत समुद्रात जातं. तिथल्या डॉल्फिनच्या अंगात विष साठतं."

"लई वाचता राव तुमी! आता माशांचीबी काळजी?"

"मासा नाही. डॉल्फिन पिलाला दूध पाजते." मग वाचलेलं नेमकं सांगितलं. सगळीच औषधं नव्हेत, पण काही विरत नाहीत, चरबीत साठत जातात. मादी पहिल्यांदा व्याली की त्यातला मोठा वाटा दुधावाटे त्या पहिल्या पिलाच्या पोटात जातो.

दगडूभाऊ हसले. गोठ्यात त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या वहिनी, होत्या; त्या हसल्या नाहीत. त्यांची पहिलारू म्हैस परवाच व्यालीय आणि रेडकू समोरच चीक पीत होतं.

"म्हंजी आईनं मायेनं पाजायचं, आन् त्यातच विष?" वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पर भावजी, गेल्या सालापस्तोर तुमीबी तिथंच धुवत व्हता की!"

खरं आहे. बावीस वर्षं धुतला. तिथंच कबूल केलं.

वहिनींनी पंपात तांब्याभर पाणी ओतलं. "हालवा, आन् आपल्याच वावरात मारून या." दगडूभाऊ पंप हलवत टोमॅटोकडे परतले.

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण आज आमच्या गावातून त्याच्याकडे एका पंपाचं धुवण कमी गेलं.

तुमच्याकडे पंप कुठं धुतात?