साप चावला पायाला

आमच्या हिंगोलीच्या कचेरीत सोमवारी कामाला लागण्याआधी माझं मत ऐकायची पद्धत पडली होती. रविवारी मी नवा लागलेला पिक्चर बघायचो आणि सोमवारी त्याची सालटी काढायचो. सिनेमातलं मला काही कळतं असं नाही, पण चिरफाड जमायची. एका ऐतिहासिक पिक्चरबद्दल मी म्हणालो होतो, लढाई खरी दाढ्यांचीच झाली, माणसं नुसती दाढ्या सांभाळत होती. लोक टेबल बडवून हसायचे. कुणी हसायला लागलं की मला पुढचं वाक्य आपोआप सुचतं.

आवक टेबलावर एक ताई होत्या, सेनगावकडच्या तांड्यावरच्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, शेतकरी. पन्नाशीत या मालकांना एका मराठी पिक्चरमध्ये काम मिळालं, नायिकेच्या बापाचं. हा बाप मध्यंतराच्या आधीच साप चावून मरतो.

पिक्चर लागला त्या रविवारी ताईंनी सगळ्या कचेरीला बोलावलं. तांड्यावरची माणसं टेम्पो भरून आली. पांढरा शर्ट घातलेले मालक थेटरच्या दारात उभे राहून, मुलीच्या लग्नात बाप करतो तसं प्रत्येकाला हात जोडत होते.

काम वाईट होतं. बोलताना ते कॅमेऱ्याकडे बघायचे. साप चावला पायाला आणि त्यांनी धरलं पोट. बायका तरीही हुंदके देऊन रडल्या.

मध्यंतरात ताई माझ्यापाशी आल्या. कचेरीतले सगळे गोळा झाले.

"सर, काहून गप्प? तुमी सांगा ना, कसं वाटलं?"

"ताई, तो साप बिनविषारी होता," मी म्हणालो. "मालकांना कालची भाजी बाधली. पण मेले ते बरं झालं, नाहीतर पिक्चर मेला असता."

हशा उसळला. हसता हसता एकाने माझ्या मागे बघितलं आणि तोंड मिटलं. मालक चहाचे कप घेऊन उभे होते. तेही थोडं हसले. "व्हय सर, बराबर बोलले तुमी," म्हणाले आणि पहिला कप मला दिला. मी तो प्यालो.

मध्यंतरानंतर ते आत आले नाहीत. बाहेर टेम्पोत बसून राहिले.

माझं वाक्य इतकं गाजलं, की मी ते व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकलं. दोन-तीन दिवसांत ते तांड्यावर पोचलं. मालक दिसले की तिथली पोरं पोट धरून लोळायची. हे मला ताईंनीच सांगितलं, दोनेक महिन्यांनी, माझ्या टेबलाशी उभ्या राहून.

"दुसऱ्या पिक्चरवाल्यांचा फोन आला होता, सर. हे जायला न्हाई म्हणून राहिले. घरात टीव्ही बी लावू देत न्हाईत. तुमी एकदा बोलता का त्यांच्याशी? तुमचं ऐकतील."

आजूबाजूची टेबलं कान देऊन होती. काय बोलायला हवं ते मला कळत होतं.

"राहू द्या ना ताई," मी म्हणालो. "प्रेक्षक वाचतात तर वाचू द्या."

एकटा शिपाई हसला. ताई जाऊन टपालावर शिक्के मारायला लागल्या.

पुढे एकदा तो पिक्चर मोबाईलवर पुन्हा पाहिला. काम वाईटच आहे. फक्त एका जागी बाप मुलीला एसटीत बसवतो आणि गाडी हलल्यावर खिडकीशी चालत राहतो. बोलायचं काही नाही. चालता चालता तो मुलीचा खिडकीबाहेर आलेला पदर आत सारतो. ते त्यांनी फार चांगलं केलं होतं. थेटरात ते माझ्या नजरेतून सुटलं, कारण तेव्हा मी मनात वाक्यं जुळवत होतो.

ताईंची वसमतला बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन मी हे सांगितलं.

"त्यांना नका सांगू, सर," त्या म्हणाल्या. "आता कुठं जरा नीट जेवून राहिले."